फ्रिजवरचा घोडा

आमचे घरमालक बसत नसत.

उज्जैनला माधव नगरात मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. खाली काका-काकू. काका पेपर उभ्यानं वाचायचे, चहा फेऱ्या मारत प्यायचे. कुणाकडे दुखवट्याला गेले तरी सतरंजीवर टेकायचे नाहीत; बसलेल्या माणसांच्या मागून भिंतीच्या कडेकडेनं चालत राहायचे. एका घरी तर गेलेल्या माणसाच्या मुलानं न राहवून विचारलं, "काका, काही शोधून राहिलात का?" काका म्हणाले, "नाही बेटा. तू रड. तुझं चालू दे, माझं चालू दे." मी काकूंच्या शेजारीच बसले होते. तोंडात ओढणी कोंबून कशीबशी वेळ निभावली.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, माणूस सर्किट आहे. दुसऱ्या आठवड्यात खात्रीच पटली. काकूंना विचारलं, तर त्यांनी पोळीवरची नजर न काढता लाटण्यानं फ्रिजकडे दाखवलं. फ्रिजवर वीतभर उंचीचा मातीचा घोडा होता. बिनरंगाचा, एक कान जरा वाकडा.

"त्याच्यामुळे," काकू म्हणाल्या. "तो परत करत नाहीत, म्हणून हे असं."

आता ह्यावरून कुणाला काय कळणार? मी साताऱ्याची, बँकेच्या बदलीनं इकडे येऊन पडलेली. आमच्याकडे फ्रिजवर औषधं नि विजेची बिलं ठेवतात. मी "बरं" म्हटलं नि वर निघून गेले.

नंतर कळलं ते असं. उज्जैनला वैशाखात पंचक्रोशीची यात्रा असते. भर उन्हात पाच दिवस पायी, शहराला मोठा वेढा घालून. गावोगावची माणसं डोक्यावर पीठ-मिठाची गाठोडी घेऊन येतात. निघायच्या आधी पटणी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहतात आणि त्याच्याकडून बळ मागून घेतात. घोड्याचं बळ. यात्रा पुरी झाली की परत त्याच देवळात यायचं, मातीचा घोडा वाहायचा आणि घेतलेलं बळ देवाच्या स्वाधीन करायचं. सरळ हिशेब आहे. घेतलंत, वापरलंत, आता ठेवून घरी जा.

काकांनी बळ घेतलं होतं. परत केलं नव्हतं.

त्याच्या आधीचे काका मी पाहिलेले नाहीत, पण रिटायरमेंटचा फोटो पाहिलाय. खुर्चीत मावत नव्हते. त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर माळव्यात आले ते दफ्तरात बसायला. पुढच्या पिढ्याही कुठल्या ना कुठल्या दफ्तरातच बसल्या. काका स्वतः सरकारी रेकॉर्ड रूममध्ये होते. "आमच्या घराण्यानं दोनशे वर्षं बसून नोकरी केली," असं ते अभिमानानं सांगायचे, अर्थात उभ्यानं. सकाळी पोहे-जिलेबी, पोह्यांवर शेव आणि मुठीनं जिरावण मसाला. दुपारी कचोरी, संध्याकाळी परत कचोरी, कारण दुपारची होऊन खूप वेळ झाला. रिटायर झाले तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी त्यांना त्यांचीच खुर्ची भेट दिली. ती घरी आल्यावर काका तिच्यात बसले ते बसलेच.

मग एक दिवस काकूंना फरशीवर लाल ठिपके दिसले. त्यांना वाटलं देवघरातलं कुंकू सांडलं. ठिपक्यांचा माग काढत गेल्या तर ते खुर्चीपाशी संपले. काकांच्या उजव्या तळव्यात कॅलेंडरची पिन घुसली होती, डोक्यापर्यंत, आणि हा मनुष्य तिच्यावर उभा राहून, चालून, स्वयंपाकघरातून लाडू घेऊन परत येऊन बसला होता. डॉक्टरांनी विचारलं, "दुखलं नाही?" काका फुशारकीनं म्हणाले, "बिलकुल नाही." डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुमच्या मोठ्या भावाचंही असंच सुरू झालं होतं ना?" ते म्हणाले.

मोठा भाऊ इंदौरला होता. साखरेनं आधी त्याच्या पायाची जाणीव गेली, मग बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. तो पलंगावर पडून असायचा आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाला चादर उचलून दाखवायचा. काका त्याला भेटायला जायचं टाळायचे. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. वजन उतरवा, साखर उतरवा, चांगले बूट घालून रोज चाला, अनवाणी एक पाऊल टाकू नका, रोज तळवे तपासा. गेलेली जाणीव परत येईल का? कधी थोडी येते, बहुतेकदा येत नाही. पण पाय राहील.

पाय राहील. एवढं एकच मागणं होतं त्या घराचं. दिवाळी असो, संक्रांत असो, बाकी कशात कुणाचं लक्ष नव्हतं.

आता शहाणा माणूस काय करील? उद्यापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालायला लागेल. काकांनी काय केलं? थेट पंचक्रोशीला निघाले! ज्या माणसानं वर्षानुवर्षं कोपऱ्यावरच्या दुकानात रिक्शानं जाऊन दही आणलं तो माणूस. काकूंनी रडून पाहिलं, डॉक्टरांनी फोनवर आरडाओरडा केला. "नागचंद्रेश्वर बळ देतो," काका म्हणाले, "माझं कुठे खर्च होणार आहे?" नारळ वाहिला, बळ घेतलं, आणि पहिल्याच मुक्कामाला, पिंगळेश्वरला, शेजारच्या यात्रेकरूनं त्यांना सांगितलं की बाबूजी, तुमचा बूट ओला होऊन राहिला आहे. बुटात फोड फुटला होता. काकांना त्याचा पत्ता नव्हता. टेम्पोत बसून, तोंडावर उपरणं घेऊन घरी आले.

जखम भरायला पावसाळा उजाडला. तोवर काकूंनी मातीचा घोडा आणून ठेवला होता. "जाऊन परत करून या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची वस्तू घरात ठेवू नये."

आणि इथे काकांचं रेकॉर्ड रूमचं डोकं चाललं. बळ पाच दिवसांचं घेतलं होतं. वापरलं जेमतेम एका दिवसाचं. म्हणजे बाकीचं अजून अंगात आहे. न वापरता परत करणं हा देवाचा अपमान. तेव्हा आधी ते वापरून संपवू, मग घोडा नेऊ. घोडा फ्रिजवर गेला, खुर्चीचं तोंड भिंतीकडे झालं आणि काकांनी जे चालायला सुरुवात केली ते थांबेचनात.

मी तिथे राहायला आले तेव्हा ते बळ कधीच संपायला हवं होतं. यात्रेच्या कितीतरी पट ते चालून झाले होते. तरी घोडा जागचा हलत नव्हता. मी एकदा खोदून विचारलं. ते अंगणात येरझाऱ्या घालत होते, म्हणून मलाही घालाव्या लागल्या.

"काका, खरं सांगा. का देत नाही?"

"दिला आणि सगळं गेलं तर?" ते एकदम हळू आवाजात म्हणाले. "तू मला ओळखत नाहीस बेटा. मी आतून बसणारा माणूस आहे. हे जे चालून राहिलंय ना, हे माझं नाही. हा देऊन आलो की मी त्या खुर्चीत जाईन. आणि खुर्चीतून कुठे जाईन, ते इंदौरला जाऊन बघून ये."

मी त्यांच्याबरोबर आणखी एक येरझारी घातली.

आता माझं सांगते, कारण माझा संबंध आहे. वजनाच्या बाबतीत मी काही काकांना हसायच्या लायकीची नव्हते. आमच्याकडे माझं वजन हा सगळ्या नातेवाइकांचा आवडता विषय. सातारला जिम लावून झाली, दोन वेळा. पावडरी पिऊन झाल्या. मोबाईलमध्ये एक ॲप होतं, ते मला रोज सकाळी इंग्रजीत शाबासकी द्यायचं. मला कुणी फुकटची शाबासकी दिली की आधी संशय येतो. काढून टाकलं. "मनातून इच्छा झाली पाहिजे हो," असं मी काकांना म्हटलं, तर ते भडकलेच.

"इच्छा? अगं, इच्छा म्हणजे जावई आहे. बोलावलं की येत नाही, आला की बसून खातो. मनाला कशाला विचारतेस फालतू? पायांना सांग."

तसं ते मलाही सांगायला लागले. म्हणजे पहाटे जिन्यावर काठी आपटायची. "चल, काम आहे." काम असायचंच. आरोग्यासाठी चालणं हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटायचा. हवा खात फिरणारे रिकामटेकडे, असं त्यांचं ठाम मत. काम पाहिजे. म्हणून ते कामं तयार करायचे. लिंबू आणायचं तर एकच, आणि तेही ओव्हरब्रिजच्या पलीकडून, जुन्या शहरातून. दुसऱ्या दिवशी दुसरं. काकूंनी एक चादर हवी म्हटलं, तर आम्ही ठशांची छपाई करतात त्या भैरवगढला गेलो, ती चादर बघायला. मग परत एकदा गेलो, रंग ठरवायला. मग काकूंना रंग सांगून, त्यांचा नकार घेऊन, तो नकार कळवायला गेलो. छापणारा म्हणाला, "बाबूजी, फोन कर देते." काका म्हणाले, "फोनवर नाही म्हणणं बरं दिसत नाही." मी उन्हात घामानं भिजून उभी, मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते. पण माझे पंजाबी ड्रेस त्या चादरीच्या काळातच सैल झाले, हे कबूल करायला हवं. आजही मी घरात एका वेळी एकच लिंबू आणते.

वाटेवर मात्र परीक्षा असायची. उज्जैनला सकाळी पोह्यांचं दुकान लागत नाही असा रस्ता नाही. कढईत जिलेबी पडते त्याचा वास दोन गल्ल्या आधीच येतो. काका त्या टप्प्यात वेग वाढवायचे, आणि दुकानदाराला लांबूनच ओरडून सांगायचे, "आज नहीं!" दुकानदार हसून हात हलवायचा. हे रोज. मी म्हटलं, कायमचं नाही म्हणून टाका ना. "कायमचं?" ते म्हणाले, "कायमचं म्हटलं की उद्याच खाईन. आजचं आज बघू."

त्यांना लग्नकार्याला न्यायची मात्र मला धास्ती वाटायची. माळव्यात आग्रह हा धर्म आहे. मनुहार म्हणतात त्याला. पाहुण्यानं नको म्हणायचं, यजमानानं गळ्याची शपथ घालायची, आणि शेवटी पाहुण्याच्या तोंडात स्वतःच्या हातानं घास कोंबायचा, तेव्हा कुठे जेवण झालं असं धरतात. काकूंच्या भाचीचा साखरपुडा होता. दाल-बाफले, म्हणजे तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, आणि वर चुरम्याचे लाडू. काकांनी यावर तोड काढली होती. हातात रिकामं ताट घेऊन ते मांडवभर चालत होते. वाढपी येईपर्यंत काका पुढच्या रांगेत. तो तिकडे वळला की काका वरमाईशी बोलत. मागून बघणाऱ्याला वाटावं, माणूस केवढा जेवतोय! शेवटी नवरीच्या चुलत्यानं त्यांना पंख्यापाशी कोपऱ्यात गाठलं आणि "हमारी कसम" म्हणून अख्खा लाडू तोंडात सारला. काका गाल फुगवून उभे. चावले नाहीत, गिळले नाहीत. हात जोडले, आणि तसेच ताड ताड चालत मांडवाबाहेर गेले. बाहेरच्या कुत्र्यांना आहेर झाला. परत येऊन काका म्हणाले, "क्या लाडू है! वा!" यजमान खूश. काकू जमिनीकडे बघत होत्या, त्यांचे खांदे हलत होते.

संध्याकाळी मात्र हा सगळा तमाशा थांबायचा. दिवा लागला की काकू झाडूची एक काडी आणि चष्मा घेऊन यायच्या. काका बसत नसत, म्हणून एक पाय अंगणाच्या कठड्यावर ठेवून उभे राहायचे. काकू वाकून तळवा निरखायच्या, बोटांच्या बेचक्यात बघायच्या, मग काडी टोचायच्या.

"कळतंय का?"

"नाही."

"इथे?"

"नाही गं."

"बरं." मग दुसरा पाय. डाव्यात टाचेपाशी थोडं कळायचं. उजव्यात काही नाही. काकू काडी परत झाडूत खोचून ठेवायच्या आणि भाजी टाकायला जायच्या. मी वरून बघत असायचे. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्या तितक्याच आशेनं काडी काढायच्या. एकदा मी काकूंना म्हटलं, "रोज कशाला विचारता, त्यांना वाईट वाटत असेल." काकू म्हणाल्या, "मी विचारणं बंद केलं, तर त्यांना काय वाटेल?"

थंडीत इंदौरचा भाऊ गेला. काका तेरा दिवस तिकडे राहून आले. दुसऱ्या दिवशी जिन्यावर काठी वाजली नाही. मी खाली गेले, तर खुर्चीचं तोंड भिंतीकडून फिरलं होतं आणि काका तिच्यात बसले होते.

सांगते, इतकी भीती मला आयुष्यात कमी वेळा वाटली आहे. बसलेला माणूस बघून कुणी घाबरेल का? मी घाबरले. उभ्यानं बघितलेला तो माणूस खुर्चीत एकदम म्हातारा, लहानसा दिसत होता. बाजूला वाटीत शेव होती.

"काका, काम आहे ना आज?"

"कसलं काम," ते म्हणाले. "तोपण चालायचा. पाय गेल्यावरही आधी कुबडीवर चालायचा. काय झालं?"

दुसरा दिवस तसाच. तिसरा तसाच. काकू समजावून थकल्या, मग रडून थकल्या. मग त्या घोड्यासमोर उभ्या राहून त्यालाच बोलल्या. "फुकटचा राहतोस, काहीतरी कर!" मला समजूत घालणं मुळात जमत नाही, आमच्याकडे समजूत घालायची म्हणजे दोन शब्द सुनावायचे. तेही मी केलं. उपयोग शून्य. माझं डोकं फिरलं. मी तशीच चौकात गेले, गरम कचोऱ्या घेतल्या, पुडा आणून त्यांच्या समोर स्टूल ओढून बसले आणि खायला लागले.

"काय करून राहिलीस?" काका म्हणाले.

"खातेय."

"अगं, तुझं..."

"माझं काय? तुम्ही बसा, मी खाते. मला कुठे कुणाचं बळ मिळालंय? मी तुमच्या काठीवर उठत होते. काठी बंद, मी बंद. गेलं सगळं खड्ड्यात."

दुसरी कचोरी उचलली. बोलायच्या भरात बोलले खरी, पण बोलता बोलता माझं मलाच कळलं की हे खरं आहे, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कचोरी तिखट होती असं नंतर मी सांगितलं. काका बघत राहिले. मग खुर्चीचे दोन्ही हात धरून उठले, माझ्या हातातून पुडा हिसकावला, "नालायक!" म्हणाले आणि बूट घालत बाहेर पडले. मी मागे धावले. गल्लीच्या तोंडाशी एक गाय होती, तिला त्यांनी सगळ्या कचोऱ्या घातल्या. मग मागे न बघता म्हणाले, "लिंबू संपलंय." आम्ही जुन्या शहराकडे चालायला लागलो.

पुढे वैशाख आला. माझ्या बदलीची कुणकुण लागली होती. माधव नगरातल्या रस्त्यांवरून गाठोडीवाली माणसं दिसायला लागली. गावाकडची एक म्हातारी, तिच्या बरोबरची माणसं मागे राहिली म्हणून, आमच्या ओट्यावर टेकली. काकूंनी तिला पाणी दिलं. दार उघडं होतं. तिची नजर आत फ्रिजवर गेली.

"यो घोड़ो कणीको है?" तिनं विचारलं.

"इनका," काकू म्हणाल्या. "पिछले साल का."

म्हातारी आधी समजली नाही. मग समजली आणि बोळक्या तोंडानं खदखदून हसायला लागली. "अरे बाबूजी! गया साल को बल घर में दबा के बैठ्या हो? तो म्हाने कंई मिलेगो?"

म्हणजे, मग आम्हाला काय मिळणार? ती गंमतच करत होती. तांब्यातलं पाणी संपवून, "महाकाल भलो करे" म्हणून ती गेलीसुद्धा. पण काका अंगणात थांबले होते. चालता चालता थांबले होते, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. "रेकॉर्ड रूममध्ये असताना," ते काकूंना म्हणाले, "एखाद्यानं फाईल नेली आणि आणून दिली नाही, की मी काय म्हणायचो माहीत आहे? मी म्हणायचो, दुसरा दारात उभा आहे, लाज वाटत नाही का?" मग बराच वेळ फिरत राहिले. शेवटी म्हणाले, "यात्रा परत येईल तेव्हा देऊन टाकू." आवाज असा, की कुणी पाय कापायची तारीख सांगावी.

ज्या दिवशी जायचं त्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. उन्हाच्या आत देऊन घरी येऊ, असं काकूंनी बजावलं होतं. घोडा भैरवगढच्या त्याच चादरीच्या तुकड्यात गुंडाळून काकांनी छातीशी धरला होता. पण पटणी बाजाराकडे वळायचं सोडून ते म्हणाले, "आधी रामघाटावर जाऊन येऊ." रामघाटावर गेलो. तिथून म्हणाले, "चहा घेऊ." मग त्यांना कुणाला तरी भेटायचं होतं, तो माणूस गावात नव्हता, हे त्यांना आधीच माहीत होतं. मग परत घाट. मी चिडले, काकू दमल्या, ऊन चढत गेलं. काका घोडा धरून गल्ल्यागल्ल्यांतून फिरत होते आणि आम्ही दोघी मागून. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना पोटाशी धरावंसंही वाटत होतं.

देवळापाशी पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर. यात्रेकरूंची ही गर्दी! सगळ्यांच्या हातात घोडे. देवळासमोरची फरशी तापून पांढरी झाली होती. माणसं बाहेर येताना उड्या मारत सावलीकडे पळत होती. काकांनी बूट काढले. मग मोजे काढायला लागले.

"मोजे नका काढू!" काकूंनी त्यांचा हात धरला. "फरशी बघा. भाजेल, आणि तुम्हाला कळणारपण नाही. त्या पिंगळेश्वरसारखं होईल. डॉक्टरांनी..."

"देवाचं परत द्यायला मोजे घालून जाऊ?" काका म्हणाले. "मागायला अनवाणी गेलो होतो ना?" मोजे त्यांनी माझ्या हातात दिले आणि गर्दीत शिरले.

आम्ही पलीकडे एका दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिलो. काकू तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होत्या. स्तोत्र असावं, नाहीतर काकांना शिव्या असाव्यात. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग काका बाहेर आले. हात रिकामे. ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं. आजूबाजूची माणसं फरशीवरून टणाटण उड्या मारत जात होती, आणि काका त्यांच्यातून सावकाश, थंड लादीवरून चालावं तसे येत होते. काकूंनी डोळे मिटून घेतले.

अर्ध्यात काका थांबले. उजवा पाय उचलला. खाली ठेवला. परत उचलला. त्यांचा चेहरा असा झाला, की मागून कुणीतरी ओळखीची हाक मारली असावी.

"अरे बाप रे!" ते ओरडले. "अगं! अगं, भाजलं! जल गया रे!"

काकूंनी डोळे उघडले. "कुठे?" त्या तिथूनच ओरडल्या. सगळा बाजार वळून बघायला लागला. "कुठला? डावा की उजवा?"

"उजवा!" काका एका पायावर नाचत होते. "उजवा गं! उजवा!"

काकू भर पटणी बाजारात हंबरडा फोडून रडल्या. लोकांना वाटलं, काय झालं या बाईला, कुणी गेलं की काय. मीही रडत होते, हातात ते मोजे धरून. काका उड्या मारत आले आणि पायरीवर बसले. हो, बसले! पाय मांडीवर घेऊन फुंकर घालत होते. काकूंनी बाटलीतलं पाणी तळव्यावर ओतलं आणि नेहमीच्या सवयीनं विचारलं, "कळतंय का?"

"थंड आहे," काका म्हणाले. मग परत म्हणाले, "अगं, थंड आहे."

पायाला काही झालं नव्हतं, जरा लाल झाला होता. काकूंनी पदरानं पुसला, मी मोजे चढवले, बूट घातले. एक ई-रिक्शावाला हे सगळं बघत उभा होता. तो पुढे आला. "बैठो बाबूजी, घर छोड़ देता हूँ." काकूंनी पिशवी उचलली. मीपण निघाले, आम्ही दोघी मेलो होतो चालून.

काका पायरीवरून उठले. एकदा देवळाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. उजवा पाय खाली ठेवला, जरा दाबून बघितला, कळवळले.

"रिक्शा नको," ते म्हणाले. "आत्ता कुठे जमीन कळतेय. जरा चालू दे."